कथेतली विसंगती कशी शोधावी आणि तिच्यावर वाद कसा घालावा: चाहत्यांसाठी पायरीपायरीने

नाशिकच्या गंगापूर रोडवर एका मित्राच्या गच्चीत आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो. कादंबरी, वेब सिरीज, ॲनिमे, कॉमिक्स, कुणी नव्यानं जे वाचलं-पाहिलं असेल त्यावर बोलायचं असा बेत असतो. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात एका युद्धकथेवरून अडीच तास भांडण झालं. डोंगरापलीकडचं सैन्य एका रात्रीत किल्ल्याखाली पोचलंच कसं? शेवटी कळलं की एक जण मूळ कादंबरीबद्दल बोलत होता, दुसरी त्यावरच्या मालिकेबद्दल, आणि तिसऱ्यानं पाहिलेल्या हिंदी डबिंगमध्ये 'तीन रात्री' हे शब्दच गळले होते. अकरावीतला एक मुलगा सुरुवातीपासून पुस्तकाचं पान काढून दाखवू पाहत होता. त्याला कुणी बोलूच दिलं नाही. तो पुन्हा आला नाही, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

आमच्यात अभ्यासू माणसांची कमी नव्हती, पण क्रम साफ चुकला होता. पुरावा कशाला म्हणायचं हे ठरण्याआधीच आम्ही निकालावर भांडत होतो. खालचा क्रम त्यानंतरच्या बैठकांमधून घासूनपुसून बसला आहे. दोघांच्या चहावरच्या गप्पांनाही तो चालतो.

## तयारी: बसण्याआधी

वादाच्या विषयाचा भाग पुन्हा वाचा किंवा पाहा. नुसता तो प्रसंग पुरत नाही, त्याच्या आधीचं आणि नंतरचं प्रकरणही हवं. आठवणीतली कथा आणि कागदावरची कथा यांत फार फरक पडतो. दोन वर्षांपूर्वी पाहिलेल्या मालिकेतला संवाद आपण नकळत आपल्या सोयीचा करून ठेवलेला असतो.

जवळ ठेवायच्या वस्तू मोजक्या आहेत: मूळ पुस्तक किंवा भाग, एक वही, कथेत नकाशा असेल तर तो, आणि कथा आपल्याच जगात घडत असेल तर त्या वर्षाचं पंचांग. एकानं नोंदी घ्यायच्या. त्यानं त्या दिवशी कुणाचीही बाजू घ्यायची नाही.

सावधान: कोणी कुठपर्यंत वाचलंय हे सगळ्यात आधी विचारा. सगळ्यात मागे जो आहे, तिथपर्यंतच बोलायचं. ज्यांना पुढचं बोलायचंय त्यांनी वेगळं बसावं.

## पायरी १: कोणता पाठ (कथेची कोणती आवृत्ती) धरायचा ते ठरवा

गोदेला पूर आला की नाशिककर एकच प्रश्न विचारतो: पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? खूण ठरलेली असते म्हणून पंचवटीतला माणूस आणि नाशिकरोडचा माणूस फोनवरसुद्धा एकाच पुराबद्दल बोलू शकतात. वादालाही अशी खूण लागते, आणि ती पूर येण्याआधी ठरलेली हवी.

आम्ही ठेवलेला उतरता क्रम असा:

१. मूळ कृती, तिच्या शेवटच्या सुधारित आवृत्तीप्रमाणे.
२. त्याच लेखकानं त्याच कथाविश्वात नंतर लिहिलेलं.
३. लेखकानं मुलाखतीत किंवा भाषणात सांगितलेलं.
४. चाहत्यांचे तर्क.

रूपांतर या यादीतच नाही. पुस्तकावरची मालिका हे वेगळं कथाविश्व मानायचं. मालिकेतल्या चुकीसाठी पुस्तकाला दोष नाही आणि पुस्तकातल्या खुलाशानं मालिका सुटत नाही.

तिसऱ्या क्रमांकावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली होती. माझं मत ठाम आहे: लेखकानं बाहेर सांगितलेली गोष्ट मजकुराला पूरक असेल तर घ्यावी, मजकुराच्या विरुद्ध असेल तर मजकूर जिंकतो. वाचकाच्या हातात पुस्तक असतं, लेखक नसतो.

पाठ न ठरवता बोललं की काय होतं, हे महाभारतावरच्या घरगुती चर्चेत हमखास दिसतं. महाकाव्याला मी आजच्या काल्पनिक कथांच्या रांगेत बसवत नाही, पण पाठभेदाचा धडा तिथूनच चांगला मिळतो. द्रौपदीनं दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असा टोमणा मारला हे आपण धरूनच चालतो आणि त्यावर तिचा स्वभाव ठरवून मोकळे होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं शेकडो हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यात हा टोमणा नाही. म्हणजे अर्धा वाद ग्रंथावर नसतोच, ऐकीव कथेवर असतो.

तपासणी: प्रत्येकानं एका वाक्यात सांगावं, 'मी अमुक आवृत्तीबद्दल बोलतोय.' दोन वेगळी उत्तरं आली तर इथेच थांबा.

## पायरी २: त्या जगाचा नियम लिहून काढा

या लेखापुरती एक कथा मनानं रचू. एक जग आहे. तिथे मंत्र म्हटला की म्हणणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. नायिका रेवा. पहिल्या भागात धाकट्या भावाला वाचवताना ती आईच्या आवाजाची आठवण गमावते. तिसऱ्या भागात मंत्रानं घोडा बरा करते, पण ती काय विसरली हे दाखवत नाहीत. चौथ्या भागात कुठल्याशा गावात अंगाई ऐकू येते आणि रेवा म्हणते, 'आई अश्शीच गायची.'

वहीत तीन ओळी लिहा: नियम काय, त्याची किंमत काय, अपवाद कोणता. इथे नियम, मंत्र चालतो. किंमत, एक आठवण. अपवाद, सांगितलेला नाही.

मग विचारा: हा नियम सांगितला कुणी? निवेदकानं सांगितला असेल तर तो पक्का. एखाद्या पात्रानं सांगितला असेल तर ते पात्र चुकत असेल, खोटं बोलत असेल किंवा त्याला अर्धवट माहिती असेल. गुरूनं पहिल्या भागात सांगितलेला नियम पाचव्या भागात खोटा ठरला तर ती विसंगती नाही, गुरू खोटारडा निघाला एवढंच.

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, 'अहो, ड्रॅगन उडतात तिथे लॉजिक कसलं शोधता?' यावर भलेभले गप्प बसतात, म्हणून जरा थांबून बोलतो. लेखकानं ड्रॅगन जाहीर केलेला असतो. 'माझ्या जगात हे वेगळं आहे' असं त्यानं सांगितलं आणि आपण मान्य केलं. जे वेगळं आहे असं सांगितलेलं नाही, ते आपल्यासारखंच धरायचं असतं. ड्रॅगनच्या जगातही माणसाला तहान लागते, जखम भरायला दिवस लागतात, लहान मूल एका वर्षात एकच वर्ष मोठं होतं. म्हणून 'ड्रॅगन कसा उडतो?' हा प्रश्न गैरलागू, पण 'काल ज्याचा पंख तुटला तो ड्रॅगन आज कसा उडतो?' हा अगदी रास्त. उलट अशा जगात काटेकोरपणा जास्तच लागतो. आपल्या जगाचे नियम वाचक घरून घेऊन येतो, तिथले नियम मात्र त्याला फक्त लेखकाकडूनच कळतात.

सावधान: नियम लिहिताना त्यात स्वतःची भर घालू नका. 'मोठ्या मंत्राला मोठी आठवण जाते' हे कथेत नसेल तर वहीतही नको. निम्मे वाद आपणच घातलेल्या भरीवरून पेटतात.

## पायरी ३: आरोप एका वाक्यात मांडा

साचा हा: *अमुक ठिकाणी 'क' आहे, तमुक ठिकाणी 'ख' आहे, आणि दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.*

दोन्ही जागा पान, प्रकरण किंवा भागासकट भरता आल्या पाहिजेत. एकच भरता येत असेल तर तुमच्याकडे विसंगती नाही, नाराजी आहे. नाराजीवरही जरूर बोलावं, पण वेगळ्या वेळी.

रेवाच्या कथेत तिसऱ्या भागावरचा आरोप साच्यात बसत नाही. 'ती काय विसरली ते दाखवलं नाही' यात 'ख' कुठे आहे? न दाखवणं म्हणजे न घडणं नव्हे. कथेतली माणसं आंघोळ करताना दाखवत नाहीत म्हणून ती पारोशी नसतात. चौथ्या भागावरचा आरोप मात्र बसतो: पहिल्या भागात आईच्या आवाजाची आठवण गेली, चौथ्यात ती आईचं गाणं ओळखते.

## पायरी ४: आरोप कुठल्या ढिगात पडतो ते पाहा

इथे घाई करू नका. 'प्लॉट होल' (कथानकातलं भगदाड) हा एकच शब्द आपण पाच वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

खरी विसंगती. दोन विधानं एकमेकांना खोडतात. मेलेला माणूस खुलाशाशिवाय जेवायला बसतो.

योगायोग. घडणं अवघड, पण अशक्य नाही. नायकाला नेमक्या त्याच डब्यात हरवलेला भाऊ भेटतो. लेखन कच्चं असेल, पण तर्क तुटलेला नाही. माझा एक निकष आहे: योगायोगानं पात्र अडचणीत येत असेल तर सोडून द्यावं, अडचणीतून सुटत असेल तर जाब विचारावा.

पात्राची चूक. 'तिनं पोलिसांना फोन का नाही केला?' कारण ती घाबरली होती, एकोणीस वर्षांची होती आणि रात्रीचे दोन वाजले होते. आपण गच्चीत चहा घेत, शेवट माहीत असताना विचार करतोय. 'मी असतो तर' हा पुरावा नाही. पात्राच्या आधी दाखवलेल्या स्वभावाशी ती कृती जुळत नसेल, तरच आरोप उभा राहतो, आणि तेव्हाही आधीचा स्वभाव दाखवणारे दोन प्रसंग द्यावे लागतात.

न सांगितलेली गोष्ट. मोकळी सोडलेली जागा. कदाचित पुढच्या भागासाठी, कदाचित वाचकासाठी.

माहितीचा घोटाळा. सगळ्यात कमी पकडला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. पात्राला जे कळलेलंच नाही, त्यावर ते वागतं. हा डोळ्यांनी दिसत नाही, कारण वाचकाला ती गोष्ट माहीत असते. आपल्याला माहीत म्हणजे त्यालाही माहीत, असं मन परस्पर ठरवून टाकतं. हा पकडायला तक्ता लागतो. वहीच्या आडव्या ओळीत प्रसंग, उभ्या रकान्यात पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत 'कळलं', 'नाही' किंवा 'शंका'.

एका रहस्यकथेसाठी आम्ही असा तक्ता मांडला. पत्र पाचव्या प्रकरणात फोडलं जातं, त्याआधी ते कपाटात बंद आहे. काकांच्या रकान्यात मात्र तिसऱ्या प्रकरणातच पत्रातल्या मजकुरावर केलेली कृती दिसली: त्यांनी जमिनीचे कागद हलवले होते. चौघांनी दोनदा वाचलेल्या पुस्तकातली ही गफलत पेन्सिलीच्या एका फुलीनं उघड झाली. मग आठवलं की दुसऱ्या प्रकरणात काका कुलूप दुरुस्त करायला आले होते. आरोप पडला, आणि त्या कुलपाचं महत्त्व आम्हाला पहिल्यांदा कळलं.

तपासणी: ढीग ठरल्यावर आरोप करणाऱ्याला विचारा, 'हा ढीग तुला मान्य आहे का?' तो नाही म्हणाला तर त्याचं कारण ऐकून घ्या. ढीग लादू नका.

## पायरी ५: आकड्यांचा ताळा

वेळ, अंतर, वय, संख्या, चंद्र. हे मोजता येतं, म्हणून यावर मतभेद उरायला नको.

*अंतर.* माणूस सपाटीवर तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे २८ किलोमीटर. श्रावणात जे पायी गेलेत त्यांना विचारा, विसावे धरून अख्खा दिवस जातो, आणि तेही पाठीवर ओझं नसताना. आता कथेतलं सैन्य घ्या: तंबू, धान्य, बैलगाड्या, चिखल. 'नाशिक-त्र्यंबक किती वेळा?' असा हिशेब केला की नकाशावरचं अंतर पायांना कळतं. घोडाही दिवसभर चौखूर धावत नाही, त्याला पाणी, चारा आणि दम लागतो.

कथा आपल्याच जगात असेल तर खऱ्या जागा तपासा. नायक नाशिकरोड स्टेशनातून बाहेर पडतो आणि चार पावलांवर रामकुंड, असं पडद्यावर दिसलं की आपण सगळेच चुळबुळतो. मध्ये आठ-दहा किलोमीटर आहेत. मुंबईहून निघून दीड तासात गाडीनं नाशिकरोड गाठणंही जमायचं नाही. कसारा घाट चढायला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिन लागतं.

*चंद्र.* इथे मराठी घरांना जन्मजात फायदा आहे. संकष्टीला चंद्रोदयासाठी रात्री नऊ-साडेनऊपर्यंत ताटकळावं लागतं हे ज्याच्या घरी उपास असतो त्याला सांगावं लागत नाही. तेव्हा संकष्टीच्या संध्याकाळी सात वाजता चांदण्यात खुनी ओळखला गेला असेल, तर लेखकाला विचारायलाच हवं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, मग रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. पौर्णिमेची तारीख दिली असेल तर पुढचे सगळे प्रसंग यावर ताडता येतात.

*वय आणि वर्षं.* प्रत्येक मुख्य पात्राचं जन्मवर्ष एका ओळीत लिहा. पुरे.

सावधान: कथेत दोन चंद्र असतील किंवा दिवस तीस तासांचा असेल तर पंचांग बाजूला ठेवा आणि पायरी २ वर परत जा.

## पायरी ६: आधी कथेचा बचाव करा

आरोप करणाऱ्यानंच कथेच्या बाजूनं सर्वांत भक्कम बचाव मांडायचा. आपल्या शास्त्रार्थात समोरच्याचा पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय स्वतःचा सिद्धांत मांडत नसत, तसंच. बचाव तीन प्रश्नांवर घासून घ्या.

१. मजकुरात त्याची खूण आहे का?
२. त्यासाठी किती नव्या गोष्टी गृहीत धराव्या लागतात? एक चालेल. तीन लागत असतील तर ती सारवासारव.
३. हा बचाव खरा धरला तर दुसरा एखादा प्रसंग मोडतो का?

शेरलॉक होम्सचा मित्र डॉ. वॉटसन याची जखम घ्या. १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये गोळी खांद्याला लागलेली आहे. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये तीच जखम पायाची झाली. चाहते तेव्हापासून खुलासे रचताहेत: जखमा दोन होत्या, गोळी खांद्यातून वळून पायात गेली, वगैरे. पहिल्या प्रश्नावरच हे अडतात, मजकुरात दोन जखमांची खूण नाही. खरी विसंगती म्हणून नोंदवावी. त्यानं कथांची गोडी कमी होत नाही.

याउलट टॉल्किनची 'द हॉबिट' ही कादंबरी, नायक बिल्बो. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून द्यायला राजी असतो. पुढच्या कादंबरीत, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, त्या अंगठीचं स्वरूप इतकं घातक ठरलं की ती कुणी खुशीनं देणं शक्यच नव्हतं. टॉल्किननं १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं, आणि जुनी हकीकत ही बिल्बोनं आधी सांगितलेली खोटी गोष्ट होती असा खुलासा कथेतच घातला. तिन्ही प्रश्नांना हे उतरतं. अंगठी माणसाला लबाड करते हे आधीच मान्य आहे, म्हणून खोटं बोलणं नियमात बसतं, वर बिल्बोच्या स्वभावावर नवा उजेड पडतो. दुरुस्ती अशी असावी.

आता रेवाची अंगाई. बचाव शोधताना कुणीतरी दुसरा भाग पुन्हा चाळला, आणि एक ओळ सापडली असं समजा: पडावावर भाऊ झोपेत तीच चाल गुणगुणतो. आवाज गेला, पण चाल भावाकडून परत मिळाली. खूण आहे, नवं काही गृहीत धरावं लागत नाही, दुसरं काही मोडत नाही. आरोप पडला. आणि 'आई अश्शीच गायची' म्हणताना तिच्या कानात भावाचा आवाज आहे, हे त्या आरोपामुळेच आपल्या लक्षात आलं.

## पायरी ७: बैठकीतला क्रम

न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेलाच 'कथा' म्हणतात आणि तिचे तीन प्रकार मानतात: खरं काय ते शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं खोडत राहणं ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण तिथूनच घेतला. बैठकीत कुणी वितंडेवर उतरलं तर एकच प्रश्न विचारावा: 'मग तुझं म्हणणं काय?'

बोलण्याचा क्रम: आरोप, पानं, बचाव, प्रतिप्रश्न, मग खुली चर्चा. एका आरोपाला वीस मिनिटं. दुसरा आरोप मध्येच घुसवायचा नाही, तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा.

सगळ्यात धाकट्याला आधी बोलू द्या. आमच्याकडे हा नियम त्या अकरावीतल्या मुलामुळे आला. मोठ्यांनी एकदा मत दिलं की 'काका म्हणतायत तर' असं होतं आणि हातातलं पान उलटायचं राहून जातं.

नेहमीच्या चुका:

- 'लेखकानं अभ्यासच केलेला नाही' असं म्हणणं. मजकुरावर बोला, माणसावर नको.
- आवडत्या कथेला एक माप आणि नावडत्या कथेला दुसरं. शंका आली तर तोच आरोप आपल्या लाडक्या मालिकेवर लावून पाहा.
- 'पुढच्या सीझनमध्ये सांगतील' हा बचाव. आज हातात आहे त्यावरच बोलायचं.
- एका विसंगतीवरून अख्खी कथा फालतू ठरवणं.

## पायरी ८: निकाल लिहून ठेवा

चारच शिक्के: *विसंगती सिद्ध*, *आरोप पडला*, *मोकळी जागा*, *अनिर्णित*. शेजारी पाठ, पान क्रमांक आणि तारीख. कोण जिंकलं ते लिहायचं नाही.

अनिर्णित आरोपाखाली काय मिळालं तर तो सुटेल हे एका ओळीत लिहा: 'दुसरी आवृत्ती ताडून पाहणे', 'मूळ भाषेतला शब्द शोधणे'. जुन्या आवृत्त्यांसाठी सार्वजनिक वाचनालयात चौकशी करून या. अनुवादातला शब्द मूळ भाषेत वेगळाच निघाला आणि आरोप जागच्या जागी विरघळला, असं आमच्याकडे दोनदा झालंय.

नवा भाग किंवा नवी आवृत्ती आली की वही उघडून आधी अनिर्णितांची यादी वाचा, मगच नवा आरोप घ्या.